ड्रायव्हर अपडेट केल्यापासून लॅपटॉप मधेच आपोआप रीस्टार्ट होतोय

निळीशाई

ड्रायव्हर अपडेट केल्यापासून माझा लॅपटॉप मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट होतोय. त्याआधी हा त्रास अजिबात नव्हता. मशीन असं आहे: विंडोज ११ होम, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड. वॉरंटी संपलेली आहे.

अपडेट दोन मार्गांनी झाले. विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये जेवढे ड्रायव्हर दिसत होते तेवढे सगळे टिक करून टाकले. नंतर ड्रायव्हर अपडेट करणाऱ्या एका प्रोग्रामने 'हे ड्रायव्हर फार जुने आहेत' म्हणून यादी दाखवली, तीही चढवली. त्यात ग्राफिक्स, चिपसेट, वाय-फाय, ब्लूटूथ, साउंड असं बरंच काही होतं.

निळा स्क्रीन माझ्या नजरेस पडलेला नाही. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडला की समोर लॉगिनचा स्क्रीन असतो आणि उघडे ठेवलेले प्रोग्राम गेलेले असतात. कधी झाकण उघडल्यावर स्क्रीन काळाच राहतो, आत पंखा फिरत असतो, मग बटण दाबून धरावं लागतं. काम चालू असतानाही झालंय, पण कमी. चार्जर लावलेला असो वा नसो, फरक पडत नाही. गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना मात्र व्यवस्थित चालतो, हे मला जास्त बुचकळ्यात टाकतंय.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, विंडोजच्या फायली तपासणारं एसएफसी चालवून पाहिलं (काही चूक निघाली नाही), व्हायरस स्कॅनही झाला. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही क्रिटिकल नोंद पुन्हापुन्हा दिसते. म्हणजे पॉवरचा भाग गेलाय का? की सरळ फॉरमॅट मारू?

खटपट्या

फॉरमॅट आत्ता नको. फॉरमॅटनंतर विंडोज अपडेट बहुधा तेच ड्रायव्हर पुन्हा आणून बसवेल, आणि कारण शोधायला लागणारा पुरावा तेवढा पुसला जाईल.

४१ नंबरच्या नोंदीने घाबरू नका. ती लिहिली जाते पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना, आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. का झालं नव्हतं, ते तिच्या नावात नाही, पोटात आहे. नोंदीवर क्लिक करा, खाली 'डिटेल्स' टॅब उघडा आणि ही तीन मूल्यं पाहा: बगचेककोड, स्लीपइनप्रोग्रेस (शून्य नसेल तर मशीन तेव्हा झोपत किंवा जागं होत होतं) आणि पॉवरबटनटाइमस्टॅम्प.

बगचेककोड शून्य नसेल तर विंडोज क्रॅश झालंय, म्हणजे निळा स्क्रीन आला होता, तुम्हाला दिसला नाही इतकंच. हा आकडा दशमान पद्धतीत असतो आणि सगळीकडे माहिती मिळते ती षोडशमान (हेक्स, सुरुवातीला ०एक्स असलेल्या) आकड्याची, त्यामुळे लोक चुकीचा कोड शोधत बसतात. नेहमी भेटणारे असे: १५९ म्हणजे ०एक्स९एफ, ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. २०९ म्हणजे ०एक्सडी१, ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला. २७८ म्हणजे ०एक्स११६, ग्राफिक्सने उत्तर देणं थांबवलं. २९२ म्हणजे ०एक्स१२४, हार्डवेअरची चूक. ३०७ म्हणजे ०एक्स१३३, डीपीसी वॉचडॉग, ड्रायव्हरने एका कामात फार वेळ लावला, ज्यात बऱ्याचदा स्टोरेजचा ड्रायव्हर गुंतलेला असतो.

बगचेककोड शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही. वीज गेली, मशीन पूर्ण गोठलं किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. शेवटची शक्यता पॉवरबटनटाइमस्टॅम्पवरून कळते: तिथे मोठा आकडा असेल तर ती नोंद बटणामुळे आली आहे. तुम्ही काळ्या स्क्रीनवर बटण दाबून धरता, त्यामुळे तुमच्या ४१ च्या नोंदींत दोन वेगळे प्रकार मिसळलेले असणार. ते आधी वेगळे करा.

आता पुढच्या क्रॅशची तयारी. सिस्टीम प्रॉपर्टीज, मग अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, मग 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खालचं सेटिंग्जचं बटण. तिथे 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची टिक काढा. म्हणजे निळा स्क्रीन समोर थांबून राहील आणि त्यावरचा कोड वाचता येईल. त्याच खिडकीत 'राइट डिबगिंग इन्फॉर्मेशन'मध्ये 'ऑटोमॅटिक मेमरी डंप' निवडा. डंप म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल. 'स्मॉल मेमरी डंप' ठेवलात तर फाइल लहान होते, पण काही कोडसाठी हवी ती माहिती तिच्यात येतच नाही. पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) सी ड्राइव्हवर आणि 'सिस्टीम मॅनेज्ड' असू द्या. एसएसडी वाचवायची म्हणून पेजफाइल बंद करण्याचा सल्ला अजून फिरतो. तसं केलेलं असेल तर डंप लिहिला जात नाही आणि आपण अंधारात राहतो.

इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये त्याच वेळेच्या आसपास हेही शोधा:

- १०७४: कुठल्या तरी प्रोग्रामने किंवा विंडोज अपडेटने रीतसर सांगून केलेला रीस्टार्ट. ही नोंद असेल तर तो क्रॅश नव्हेच, 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' नीट लावले की प्रश्न मिटतो.
- १००१, सोर्स बगचेक: क्रॅशचा कोड, चार पॅरामीटर आणि डंप फाइलचा पत्ता एकत्र.
- ४१०१, सोर्स डिस्प्ले: ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकला आणि सावरला.
- १२९, स्टोरेजच्या ड्रायव्हरकडून: डिस्कला रीसेट मारावा लागला.
- व्हीया-लॉगर या सोर्सच्या नोंदी: हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या चुका. १८ नंबरची नोंद दिसली तर ड्रायव्हर बाजूला ठेवा.

एवढं खणायचा कंटाळा असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. कुठल्या तारखेला कुठला ड्रायव्हर चढला आणि कधीपासून लाल फुल्या सुरू झाल्या, ते एका पट्टीवर दिसतं.

आणि तो ड्रायव्हर अपडेट करणारा प्रोग्राम आजच काढून टाका. असे प्रोग्राम तारीख पाहून ड्रायव्हरला 'जुना' ठरवतात आणि तिथेच फसतात. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या कितीतरी ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते, म्हणजे उत्पादकाचा ड्रायव्हर आला की तो वरचढ ठरतो. इंटेलच्या चिपसेटच्या आयएनएफ (ड्रायव्हर बसवण्याची माहिती देणाऱ्या) फायलींवर तर १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीच्या स्थापनेची तारीख असते. कारण तेच. या तारखा पाहून 'अपडेट' करणं म्हणजे बरं चाललेलं मोडणं.

पीसीबी

खटपट्यांनी सांगितलेलं आधी करा. त्यासोबत हार्डवेअरची बाजूही तपासा, कारण अपडेट आणि बिघाड एकाच आठवड्यात येणं हा योगायोग असू शकतो.

तुमच्या लक्षणांत एक गोष्ट महत्त्वाची आहे. गेम आणि रेंडरिंग व्यवस्थित चालतं, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स पूर्ण ताणाखाली टिकतात. तापमान किंवा चार्जरची ताकद हा प्रश्न असता तर मशीन तिथेच पडलं असतं. शिवाय अति तापलेला लॅपटॉप शक्यतो बंद पडतो, आपोआप पुन्हा सुरू होत नाही. विंडोजच्या लक्षात येऊन त्याने मशीन बंद केलं असेल तर कर्नल-पॉवरचीच ८६ नंबरची नोंद मिळते. ती नसेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलायच्या नादी लागू नका.

रॅमची तपासणी मात्र कराच. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवा. एकही चूक आली तरी रॅम नापास. 'दोनच तर आल्या' हा हिशेब इथे चालत नाही. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पुन्हा चालवा, म्हणजे पट्टी खराब की स्लॉट ते कळेल. विंडोजसोबत येणारं मेमरी डायग्नॉस्टिक लवकर संपतं, पण त्याने 'ठीक' म्हटलं म्हणून रॅमला निर्दोष धरू नये.

दुसरी चाचणी सोपी आणि फार बोलकी आहे. कुठलंही लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. तिथेही मशीन रीस्टार्ट झालं तर विंडोजचे ड्रायव्हर सुटले. तिथे टिकलं तर संशय विंडोजवर घट्ट होतो, पण हार्डवेअर पूर्ण सुटत नाही, कारण वीज वाचवण्याची पद्धत दोन्हीकडे सारखी नसते.

आणखी एक जागा जी सगळे विसरतात: बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारं मदरबोर्डवरचं फर्मवेअर. विंडोज अपडेट ड्रायव्हरांच्या रांगेतूनच फर्मवेअरही आणतं. अपडेट हिस्टरीमधल्या 'ड्रायव्हर अपडेट्स'खाली 'फर्मवेअर' असं काही दिसतंय का पाहा. बायोस बदललेला असेल तर ड्रायव्हर कितीही मागे नेले तरी तो बदल तसाच राहतो. अशा वेळी उत्पादकाच्या पानावर त्यानंतरची बायोस आवृत्ती आली आहे का ते बघावं. मागची आवृत्ती चढवू देणं न देणं उत्पादकाच्या हातात असतं, काही मॉडेलांत ते बंदच केलेलं असतं.

निळीशाई

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे पाहिलं.

४१ च्या नोंदी खरंच दोन प्रकारच्या निघाल्या. एकात बगचेककोड १५९ आहे आणि बगचेकपॅरामीटर१ ०एक्स३. दुसऱ्यात बगचेककोड ०, पण पॉवरबटनटाइमस्टॅम्पमध्ये लांबलचक आकडा आहे, म्हणजे ते काळ्या स्क्रीनवर मीच बटण दाबलेलं. दोन्ही प्रकारांत स्लीपइनप्रोग्रेस बहुतेक वेळा शून्य नाही. व्हीया-लॉगरची एकही नोंद नाही, १२९ नाही, ८६ नाही. अपडेट हिस्टरीत फर्मवेअर दिसत नाही. मेमटेस्ट८६ चे चारही पास चुकीविना झाले.

सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये मेमरी.डीएमपी तयार झाली आहे. ब्लूस्क्रीनव्ह्यू या प्रोग्राममध्ये मिनिडंप (त्याच क्रॅशची छोटी फाइल) उघडला तर तो एनटीओएसकर्नल.ईएक्सई कडे बोट दाखवतो. म्हणजे विंडोजच बिघडलंय का?

मूळकारण

विंडोज बिघडलेलं नाही. एनटीओएसकर्नल हे विंडोजचं कर्नल आहे आणि क्रॅश जाहीर करण्याचं काम तेच करतं, म्हणून त्याचं नाव जवळजवळ प्रत्येक डंपमध्ये येतं. ०एक्स९एफ मध्ये तर ते नाव हमखास दिशाभूल करतं.

पॅरामीटर १ मध्ये ३ म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. लॅपटॉप झोपताना किंवा जागा होताना विंडोज प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला 'अमुक पॉवर अवस्थेत जा' असा निरोप पाठवतं. या निरोपाला आयआरपी म्हणतात. ड्रायव्हरने काम करून तो पूर्ण झाल्याचं कळवायचं असतं. एखाद्या ड्रायव्हरने निरोप घेतला आणि धरून बसला, तर विंडोज काही मिनिटं वाट पाहतं आणि शेवटी ०एक्स९एफ देऊन क्रॅश होतं. म्हणून तुमचा स्क्रीन आधी काळा राहतो. तुम्ही बटण दाबलंत तर बगचेककोड शून्य, वाट पाहिलीत तर १५९. दुखणं एकच आहे, नोंदी दोन प्रकारच्या पडतात. जड कामात काही होत नाही त्याचंही कारण हेच: तेव्हा कुठलंच उपकरण झोपायला जात नसतं. आणि काम चालू असताना क्वचित होतं, कारण विंडोज मोकळं बसलेलं उपकरण मशीन जागं असतानाही एकटं झोपवतं.

आता दोषी कोण ते डंपमधून काढायचं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी हा डंप वाचणारा प्रोग्राम घ्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि फाइल मेनूतून मेमरी.डीएमपी लोड करा. मिनिडंप नको, त्यात आयआरपीचा तपशील बहुतेकदा नसतो. पहिल्यांदा सिम्बॉल (पत्त्यांना नावं देणाऱ्या फायली) उतरवायला वेळ लागतो, नेट चालू ठेवा. मग खालच्या ओळीत उद्गारचिन्ह देऊन 'अ‍ॅनालाइझ', जागा सोडून उणे चिन्ह आणि 'व्ही' ही कमांड (!analyze -v).

निकालात अर्ग१ ते अर्ग४ अशी चार मूल्यं दिसतील. अर्ग१ चं मूल्य ३ असेल. अर्ग२ म्हणजे ज्या उपकरणाशी गाडं अडलं त्याचा पत्ता, अर्ग४ म्हणजे अडकलेला आयआरपी. दोन कमांड द्यायच्या. उद्गारचिन्हासह 'देवस्टॅक' (!devstack) आणि पुढे अर्ग२ चा पत्ता. तिच्या निकालात शेवटी उपकरणाची ओळख येते, पीसीआय, व्हेन (VEN) आणि देव (DEV) अशा अक्षरांपुढे चार-चार आकडी कोड, आणि 'सर्व्हिसनेम'पुढे ड्रायव्हरचं नाव. दुसरी, उद्गारचिन्हासह 'आयआरपी' (!irp) आणि पुढे अर्ग४ चा पत्ता. तिच्या तक्त्यात ज्या ओळीच्या सुरुवातीला बाण असतो, त्या थरावर निरोप अडकलेला असतो.

तिथे पीसीआय.सिस किंवा एनडीआयएस.सिस दिसलं तर तेही दोषी धरू नका. पहिला बसचा ड्रायव्हर आहे, दुसरा सगळ्या नेटवर्क ड्रायव्हरांचं विंडोजमधलं सामाईक आवरण. त्यांच्यामागचा खरा ड्रायव्हर देवस्टॅकच्या सर्व्हिसनेममध्ये सापडतो. ओळखीचा कोड डिव्हाइस मॅनेजरमधल्या उपकरणाच्या 'डिटेल्स' टॅबवर 'हार्डवेअर आयडी' निवडून जुळवा, म्हणजे नाव पक्कं होईल. एकाच डंपवर निकाल देऊ नका. वेगवेगळ्या वेळच्या डंपमध्ये तेच उपकरण आलं तरच पुढे जा. मेमरी.डीएमपी दर क्रॅशला नवी लिहिली जाते, म्हणून आताची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा.

ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरांवर मुद्दाम ताण आणणारं विंडोजमधलं साधन) चालवायचा सल्ला कोणी देईल. तुमच्या बाबतीत तो आत्ता लागत नाही. ०एक्स९एफ मध्ये दोषी थेट डंपमध्ये असतो. व्हेरिफायर ०एक्सडी१ सारख्या प्रकारांत उपयोगी, जिथे एकाने मेमरी बिघडवलेली असते आणि पडतो भलताच. तो लावल्यावर मशीन बूट होतानाच पुन्हापुन्हा क्रॅश होऊ शकतं, म्हणून सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर 'रीसेट' करायची वाट माहीत असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

पिक्सेलवाला

हा धागा पुढे ज्यांच्या कामी येईल त्यांच्यातल्या निम्म्यांचा कोड २७८ असेल, म्हणून ग्राफिक्सची बाजू लिहून ठेवतो.

ग्राफिक्स कार्डाने ठरलेल्या वेळेत, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर रीसेट करतं. स्क्रीन क्षणभर काळा होऊन परत येतो आणि ४१०१ ची नोंद पडते. रीसेट जमला नाही, किंवा मिनिटाभरात पुन्हापुन्हा करावा लागला, तर ०एक्स११६. रजिस्ट्रीत टीडीआर डिले वाढवून ही वेळ लांबवायचा उपाय फार सुचवला जातो. लांबच लांब रेंडर चालवणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, बिघडलेल्या ड्रायव्हरला नाही. क्रॅश उशिरा येतो एवढंच.

ड्रायव्हर खरोखर स्वच्छ काढायचा तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी लॅपटॉप उत्पादकाच्या पानावरून तुमच्याच मॉडेलचे दोन्ही ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवून ठेवा. मग नेट तोडा, नाहीतर रीस्टार्ट होताच विंडोज अपडेट स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मग सेफ मोड, 'क्लीन अँड रीस्टार्ट'. वर आल्यावर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी, रीस्टार्ट, मग वेगळ्या कार्डाचा. दोन ग्राफिक्स असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत वेगळं कार्ड चित्र तयार करून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे देतं आणि ते स्क्रीनवर पाठवतं, म्हणून दोन्हींचं जमलं पाहिजे. फक्त एकाचा ड्रायव्हर अगदी ताजा आणि दुसऱ्याचा जुनाट असेल तर झाकण उघडल्यावर काळा स्क्रीन येऊ शकतो.

सेफ मोडला जाण्याआधी डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ होममध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू असू शकतं, आणि ऐन वेळी ही की मागितली की माणूस अडकतो. की मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते.

निळीशाई

तुमच्या पायऱ्यांनी काढलं. दोन वेगळ्या वेळच्या डंपमध्ये देवस्टॅकने तेच उपकरण दाखवलं: वाय-फाय कार्ड. आयआरपीच्या तक्त्यात बाणाच्या ओळीवर एनडीआयएस होतं, सर्व्हिसनेममध्ये वाय-फायचा ड्रायव्हर. हार्डवेअर आयडीही जुळला.

आता अडचण अशी की डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण फिकट आहे, दाबताच येत नाही. आणि जुना ड्रायव्हर टाकला तरी विंडोज अपडेट पुन्हा नवा आणेल ना?

खटपट्या

बटण फिकट असणं म्हणजे त्या उपकरणासाठी आधीच्या ड्रायव्हरची नोंद विंडोजकडे उरलेली नाही. पण त्याची फाइल कधीकधी ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोजकडच्या ड्रायव्हरांच्या साठ्यात) असते. त्याच टॅबवर 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट'. एकाच कार्डाच्या दोन-तीन आवृत्त्या यादीत दिसल्या तर जुनी निवडा आणि रीस्टार्ट करा.

यादीत एकच असेल तर लांबचा रस्ता. लॅपटॉपच्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरून वाय-फायचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, कारण पुढच्या पायरीला वाय-फाय जाणार आहे. केबलने किंवा फोनच्या यूएसबी टेदरिंगने नेट मिळत असेल तरी या वेळेपुरतं ते तोडूनच ठेवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, 'अनइन्स्टॉल डिव्हाइस', आणि खिडकीतल्या 'अटेम्प्ट टू रिमूव्ह द ड्रायव्हर' या चौकोनात टिक. ही टिक करायची राहून गेली तर फाइल स्टोअरमध्ये तशीच पडून राहते आणि पुढच्या स्कॅनला तीच परत चढते. 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' केल्यावर पुन्हा तीच आवृत्ती दिसली तर हीच कृती पुन्हा करा. खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयुटिलची 'एनम-ड्रायव्हर्स' ही यादी काढा. तिथे प्रत्येक पॅकेज ओईएम आणि पुढे आकडा अशा नावाने, उत्पादक आणि आवृत्तीसकट दिसतं.

एक सावधगिरी. ही काढाकाढी वाय-फायपुरतीच ठेवा. हात फिरतोच आहे म्हणून स्टोरेज कंट्रोलरचा, विशेषतः व्हीएमडीचा (इंटेलचा, एनव्हीएमई डिस्क सांभाळणारा) ड्रायव्हर काढलात तर विंडोजला स्वतःची डिस्क सापडणार नाही आणि ते बूटच होणार नाही.

जुना ड्रायव्हर बसला की लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा, 'शट डाउन' करून पुन्हा चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउनमध्ये कर्नल आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते, कोरी सुरुवात होत नाही. माझ्या मते शोध संपेपर्यंत फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावं: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'.

कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब असेल तर 'अलाऊ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस' ही टिक काढून पाहता येईल. हा तात्पुरता टेकू आहे, बॅटरी थोडी जास्त खर्च होते. मॉडर्न स्टँडबाय (फोनसारखी हलकी झोप) असलेल्या लॅपटॉपांत हा टॅब बहुधा दिसतच नाही, तिथे शोधत बसू नका.

आता नवा ड्रायव्हर परत येऊ न देणं. होममध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, म्हणून सिस्टीम प्रॉपर्टीज, हार्डवेअर टॅब, 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज', तिथे 'नो'. ऑप्शनल अपडेट्समधल्या ड्रायव्हरांना टिक करणं सोडा. ते तिथे ठेवलेले असतात ते अडचण असेल त्याने घ्यावेत म्हणून. प्रो आवृत्ती असलेल्यांसाठी पॉलिसीत 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' आहे. एकाच कार्डाला हार्डवेअर आयडीने अडवणारी पॉलिसीही आहे, पण ती तुम्हाला स्वतःलाही त्या कार्डाचा ड्रायव्हर टाकू देत नाही. त्यामुळे आधी ड्रायव्हर बसवा, मग पॉलिसी लावा.

त्यानंतर लॅपटॉप नेहमीसारखा वापरा, झाकण मिटून झोपवा, रात्रभरही ठेवा, आणि दरम्यान दुसरा कुठलाही ड्रायव्हर बदलू नका. पुन्हा ०एक्स९एफ आलाच तर देवस्टॅकची कमांड परत द्या. आता ब्लूटूथचं नाव निघालं तर नवल नाही. वाय-फाय आणि ब्लूटूथ बऱ्याचदा एकाच कार्डावर असतात, पण त्यांचे ड्रायव्हर वेगळे असतात, आणि तुमच्याकडे अपडेट दोन्ही झाले होते. आणि जुन्या ड्रायव्हरवरही वाय-फायचंच नाव आलं, तर त्यापुढे ड्रायव्हर चाळत बसू नका. कार्ड एम.२ स्लॉटवर स्क्रूने बसवलेलं असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, आतून बॅटरीची केबल सोडवा, कार्ड काढून नीट परत बसवा. अँटेनाच्या दोन बारीक वायरी सरळ वर उचलून निघतात, आडव्या ओढल्या तर टोक तुटतं. तरीही तेच होत राहिलं तर कार्डच बदला.